ओळखींची वही: ॲप निवडण्याच्या नोंदी

६ जुलै

कारण आधी लिहून ठेवतो. माझे प्रकल्प तिसऱ्या आठवड्यात थंडावतात, तेव्हा हे पान उघडून वाचता येईल.

परवा स. यांना फोन केला. (या नोंदींत आद्याक्षरंच राहतील. लोकांची माहिती नीट जपायला निघालोय आणि इथेच नावं पसरून ठेवायची, हे बरं नाही.) स. माझे जुने सहकारी, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. कामाचं बोलणं संपलं आणि मी सवयीने विचारलं, "आई कशा आहेत?" पलीकडे शांतता. मग ते म्हणाले, "अरे, आई जाऊन वर्ष झालं. तू आला होतास की घरी."

आलो होतो. तासभर त्यांच्याशेजारी बसलो होतो. बाहेर काढलेल्या चपलांचा ढीगसुद्धा आठवतोय, आणि नेमकी ती गोष्ट डोक्यातून गेली. ते मोठ्या मनाचे, लगेच दुसरा विषय काढला. मी मात्र फोन ठेवून बराच वेळ तसाच बसलो.

तर काम असं: माणसांबद्दलच्या नोंदी ठेवायला एक साधन निवडायचं. याला पर्सनल सीआरएम म्हणतात. विक्रीवाल्यांनी गिऱ्हाइकांसाठी बनवलेली पद्धत, तीच आता मित्रांना आणि नातेवाइकांना लावतात. शब्द कानाला टोचतो, पण शोधायला तोच वापरावा लागतो.

कसोटी एकच, स. यांच्या आईची. (१) ही गोष्ट लिहायला ॲपमध्ये जागा आहे का? (२) पुढचा फोन लावण्याआधी ती माझ्या डोळ्यांपुढे येईल का? बाकीची वैशिष्ट्यं नंतर.

८ जुलै

आधी मोजदाद. फोनमध्ये १,१४३ नोंदी निघाल्या. 'प्लंबर', 'प्लंबर नवा' आणि 'प्लंबर (हा नको)' असे तीन प्लंबर. 'बसमधले काका' कोण ते कळलं नाही. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये दुहेरी नोंदी एकत्र करायची सोय आहे, ती चालवली. उडवलेल्या नोंदी ३० दिवस कचरापेटीत राहतात, त्यामुळे हात सैल सोडता आला. संध्याकाळपर्यंत ८६८ उरल्या.

इतक्या लोकांशी संबंध ठेवणं कोणालाच शक्य नाही. रॉबिन डनबार या मानववंशशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये माकडवर्गीय प्राण्यांच्या मेंदूचा आकार आणि त्यांच्या कळपाचा आकार यांची सांगड घालून माणसासाठी साधारण १५० हा आकडा काढला. पुढे त्याच्या आत ५, १५ आणि ५० अशी वर्तुळंही मांडली. २०२१ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी हाच हिशोब पुन्हा करून दाखवलं, की उत्तराचा पल्ला इतका रुंद येतो की एका आकड्याला चिकटण्यात अर्थ नाही. माझ्यापुरतं एवढंच घेतलं, की यादी छोटी हवी.

छोटी म्हणजे जवळच्यांची, असं आधी वाटलं होतं. पण जवळच्या माणसांना ॲप लागतच नाही. बहिणीला फोन करायचं विसरलो तर तीच करते, आणि वर दोन शब्द सुनावते. निसटतात ती मधल्या अंतरावरची माणसं. मार्क ग्रॅनोव्हेटरचा १९७३ चा लेख या बाबतीत प्रसिद्ध आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांना त्याने विचारलं, की ज्या माणसाकडून कळलं तो तुम्हाला कितीदा भेटायचा. वारंवार भेटणारा असं १६.७ टक्के लोकांनी सांगितलं, अधूनमधून भेटणारा असं ५५.६ टक्के, आणि क्वचितच भेटणारा असं २७.८ टक्के. मला नोकरी शोधायची नाही, पण स. याच मधल्या पट्ट्यात बसतात.

८६८ मधून ५२ नावं काढली. घरचे मुद्दाम वगळले.

११ जुलै

आज सगळा दिवस एका फाइलीत गेला. कोणतंही ॲप तपासायचं तर संपर्क बाहेर काढून त्यात भरावे लागणार. बाहेर काढायचं सर्वमान्य रूप म्हणजे व्हीकार्ड. माझ्या फोनने फाइल दिली ती व्हीकार्ड २.१ मध्ये, म्हणजे १९९६ चं रूप. त्यानंतर १९९८ मध्ये ३.० आलं आणि २०११ मध्ये ४.०. फोन अजून आजोबांच्या काळात.

फाइल उघडली तर मराठी नावं गायब. 'आई' च्या जागी बरोबरचं चिन्ह-ई-शून्य, बरोबरचं चिन्ह-ए-चार, बरोबरचं चिन्ह-आठ-सहा, आणि पुढे तशीच आणखी एक माळ. कारण असं: देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं. जुन्या व्हीकार्डात प्रत्येक बाइट 'कोटेड-प्रिंटेबल' पद्धतीने तीन अक्षरांत लिहितात. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं, 'आई' ला अठरा. 'काकू' ला छत्तीस, कारण काना आणि उकार वेगळे मोजले जातात.

इथवर ठीक होतं. खरी खोच पुढे होती. या पद्धतीत एका ओळीत जास्तीत जास्त ७६ अक्षरं बसतात. ओळ भरली की शेवटी नुसतं बरोबरचं चिन्ह टाकून उरलेला मजकूर खालच्या ओळीवर घेतात. मराठी मजकुराची आठच चिन्हं झाली की ओळ संपते. फाइल वाचायला लिहिलेली माझी छोटी स्क्रिप्ट प्रत्येक ओळ स्वतंत्र समजत होती, त्यामुळे लांब नावाच्या माणसांची आडनावं तुटली. इंग्रजीत साठवलेल्या नावांना काहीच झालं नाही. कदाचित म्हणूनच ही चूक पुष्कळदा कोणाच्या लक्षात येत नसावी.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली: आधी बरोबरच्या चिन्हाने संपणाऱ्या ओळी जोडायच्या, मग उलगडायच्या. दुपारी दोनला सुरू केलेलं, हे कळायला रात्रीचे नऊ वाजले.

यातून एक उपकसोटी मिळाली. कोणत्याही ॲपमध्ये आधी तीनच माणसं भरून बघायची: एक लांब मराठी नाव, एक वर्ष माहीत नसलेला वाढदिवस, एक दिवंगत व्यक्ती. ही तिघं सुखरूप आत जाऊन बाहेर आली, तरच बाकीचे ४९.

१२ जुलै

वर्ष नसलेल्या वाढदिवसाची गंमत आजच कळली. बायकोचा फोन आयफोन. तिचे संपर्क काढून स्प्रेडशीटमध्ये टाकले आणि वयाचा रकाना लावला. तिची एक मैत्रीण चारशे वर्षांच्या वर निघाली.

व्हीकार्ड ३.० मध्ये वाढदिवसाला वर्ष लागतंच. ॲपलने त्यावर उपाय काढला तो असा, की वर्ष माहीत नसेल तर १६०४ लिहायचं आणि शेजारी 'हे वर्ष धरू नका' अशी खूण ठेवायची. १६०४ लीप वर्ष आहे, त्यामुळे २९ फेब्रुवारीवाल्यांचीही सोय होते. ती खूण न वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या लेखी मात्र मैत्रीण सतराव्या शतकातली. ४.० मध्ये वर्षाच्या जागी दोन आडव्या रेघा दिल्या की काम भागतं.

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "तिला सांगू नकोस. आधीच वयावरून चिडते."

१५ जुलै

पहिलं ॲप. सशुल्क, दिसायला देखणं. नाव लिहीत नाही. उघडताच सगळे संपर्क, कॅलेंडर आणि ईमेल मागितलं. नाही म्हटलं तर पुढे जाताच येईना. एका रिकाम्या खात्यावर तीन चाचणी-माणसं घालून दिली. मराठी नाव नीट. वाढदिवस नीट. दिवंगत व्यक्तीसाठी काहीच नाही. 'संग्रहात टाका' एवढाच पर्याय. बाकी सगळा भर हुद्दा, कंपनी आणि शेवटची ईमेल कधी झाली यावर. स. यांच्या आईला कुठे लिहायचं? त्यांची ना कंपनी, ना ईमेल.

डेक्स आणि क्ले या अशाच ॲपांबद्दल वाचून ठेवलं होतं. दोन्ही पद्धतशीर वाटतात, पण कल धंद्यातल्या ओळखींकडे. आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवर सगळी वही ठेवायची म्हटलं की मला प्लॅक्सो आठवतं. २००२ मध्ये सुरू झालेली ती ऑनलाइन पत्त्यांची वही २००८ मध्ये कॉमकास्टने घेतली आणि २०१७ च्या ३१ डिसेंबरला बंद झाली. २०१२ मध्ये पाथ हे ॲप वापरणाऱ्यांची अख्खी संपर्कयादी न विचारता आपल्या सर्व्हरवर नेतं असं उघड झालं, तेव्हा मोठा गहजब झाला होता. माझे ५२ जण असे परस्पर कोणाकडे जावेत हे मला नको, कारण त्यांना मी विचारलेलं नाही.

हा प्रकार बाद.

१९ जुलै

दुसरं ॲप, मोनिका. मुक्तस्रोत, २०१७ पासून आहे, स्वतःच्या मशीनवर चालवता येतं. घरच्या छोट्या जुन्या मशीनवर डॉकरमधून (प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरांत, चालवायचं साधन) उभं केलं. डेटाबेस, पीएचपी, सगळं मिळून दीड तास.

आतल्या रकान्यांवरून कळतं की बनवणाऱ्याने विक्रीचा नाही, माणसांचा विचार केलाय. कसे भेटलात, मुलांची नावं, पाळीव प्राणी, दिलेल्या-घेतलेल्या भेटवस्तू, उसने पैसेसुद्धा. एखाद्याचा नातेवाईक नुसता नात्याने जोडता येतो. त्याचा फोन नंबर असायलाच हवा असं नाही. आणि व्यक्ती हयात नसल्याची नोंद करता येते. स. यांच्या आईला पहिल्यांदाच घर मिळालं.

बायको शेजारी येऊन बसली. नात्यांची तयार यादी बघून म्हणाली, "म्हणजे काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, सगळे एकाच पोत्यात?" इंग्रजी शब्द एकच, त्याला तो प्रोग्रॅम काय करणार. ती टोपणनावाच्या रकान्यात 'मामा' लिहून मोकळी झाली.

२२ जुलै

मोनिकाची आठवणीची ईमेल आली नाही. तीन दिवस वाट बघितली. चूक माझी होती: वेळापत्रक चालवणारा वेगळा कंटेनर मी सुरूच केला नव्हता. सुरू केला, ईमेल आली.

आज नोंद करायला किती वेळ लागतो ते मोजलं. फोनवर ब्राउझर, लॉगिन, शोध, माणूस, भेट जोडा, तारीख, मजकूर. माझ्या जुन्या मशीनवर ५५ सेकंद. ऐकायला कमी वाटतात. पण नोंद करायची वेळ असते ती फोन ठेवल्यावर, जिना उतरताना, दुसऱ्या हातात पिशवी असताना. चार दिवसांत नऊ जणांशी बोललो, नोंद झाली तिघांची.

२७ जुलै

मध्येच एक फसलेला प्रयोग. किती दिवसांत बोलायचं याची पाळी ठरवून बघावं म्हणून स्प्रेडशीट केली: नाव, शेवटचं बोलणं, अंतर ९० दिवस. उशीर झाला की ओळ लाल. पहिल्याच दिवशी ५२ पैकी ४१ लाल.

लाल बघून तीन फोन केले. तिन्ही फोन वाईट झाले असं नाही, पण पोकळ झाले. ग. ने विचारलं, "काय रे, काही काम होतं का?" काम नव्हतं. पाळी आली होती. ते तिला सांगता येईना, म्हणून काहीतरी काम शोधून काढलं. वीज बिल भरावं तसं मी माणसांना फोन करत होतो.

मग त्याच स्प्रेडशीटमध्ये अंतराचा रकाना काढला आणि जागी 'पुढचं कारण' घातला. म. च्या मुलीचा निकाल ऑगस्टच्या मध्यावर आहे: त्या आठवड्यात विचारायचं. द. च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली: दीड महिन्याने, चालायला लागल्यावर. कारण माहीत नसेल तर तारीख रिकामी. रिकाम्या तारखेचा अर्थ 'आत्ता नको' असा घ्यायचा, 'उशीर झाला' असा नाही. ४१ लाल ओळींच्या जागी सात तारखा उरल्या, आणि सातही मला स्वतःहून हव्याशा वाटल्या. तारखा कॅलेंडरमध्ये टाकल्या. यासाठी वेगळं ॲप लागत नाही.

३० जुलै

तिसरा मार्ग: फोनचीच संपर्कवही आणि तिच्यातला टिपांचा रकाना. रॅडिकाले हा हलका कार्डडॅव्ह सर्व्हर त्याच मशीनवर चढवला. (कार्डडॅव्ह म्हणजे संपर्क सर्व्हरवर ठेवून फोनशी जुळवत राहायची पद्धत.) तो प्रत्येक संपर्क साध्या फाइलीत ठेवतो, हे मला फार आवडलं. अँड्रॉइडवर त्यासाठी डॅव्हएक्सफाइव्ह हे ॲप लावलं; आयफोनला कार्डडॅव्ह मुळातच कळतं. नोंद करायला ११ सेकंद, फोन लावायच्या आधी टीप डोळ्यांपुढे. संध्याकाळी जवळजवळ निकाल देऊन टाकला होता.

झोपायच्या आधी परवानग्यांची यादी चाळली आणि निकाल फिरला. अँड्रॉइडवर ॲपला संपर्क वाचायची परवानगी दिली, की नंबराबरोबर टिपाही वाचता येतात. माझ्या फोनवर ही परवानगी १७ ॲपांकडे होती, त्यात एक टॉर्च. (टॉर्चला माझे नातेवाईक कशाला हवेत?) आयफोनवर २०१९ च्या आयओएस १३ पासून टिपांचा रकाना ॲपलच्या खास मंजुरीशिवाय मिळत नाही, आणि २०२४ च्या आयओएस १८ पासून ठरावीक संपर्कच द्यायची सोय आहे. माझ्या फोनवर तसलं कुंपण नाही. 'आई गेल्या, विषय काढू नये' हे वाक्य टॉर्चला वाचता येईल अशा जागी मी ठेवणार नाही.

तेव्हा संपर्कवहीत नाव, नंबर, पत्ता, वाढदिवस. टिपा दुसरीकडे. परवानग्या १७ वरून ५ वर आणल्या, टॉर्च उडवली.

३ ऑगस्ट

मोठ्या काकांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा नंबर अजून माझ्याकडे आहे. आज यादी आवरताना त्यांच्या नावापुढे एका लहान मुलीचा फोटो दिसला, दोन वेण्या, दात पडलेला. कंपन्या बंद पडलेले नंबर काही काळाने दुसऱ्याला देतात. काकांचा नंबर आता त्या मुलीच्या घरच्या कोणाकडे असणार. फोटो बराच वेळ बघत राहिलो.

कामाचा मुद्दा असा, की दिवंगत माणसाचा नंबर ठेवायचा असेल तर फोनच्या वहीत ठेवू नये. चुकून फोन लागला तर त्या घरी काय सांगणार? व्हीकार्ड ४.० ला डिसेंबर २०११ मध्ये जोड मिळाली, आरएफसी ६४७४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक पद्धतींचे क्रमांकित दस्तऐवज). त्यात मृत्यूची तारीख आणि ठिकाण यांचे रकाने आहेत. रकाने असले तरी माझ्या फोनच्या संपर्क-ॲपमध्ये ते कुठे दिसत नाहीत. अशा सहा जणांच्या नोंदी फोनमधून काढून वेगळ्या फोल्डरमध्ये नेल्या. फोल्डरला नाव दिलं 'गेलेले'. उडवल्या नाहीत.

९ ऑगस्ट

टिपांसाठी साध्या मजकुराच्या फाइली. प्रत्येक माणसाची एक, ऑब्सिडियन या टिपांच्या ॲपमध्ये, फोन आणि संगणक यांच्यात सिंकथिंग या प्रोग्रॅमने जुळवलेल्या. ऑब्सिडियन उद्या बंद पडलं तरी फाइली कोणत्याही एडिटरमध्ये उघडतील.

रूप ठरायला तीन वेळा खोडाखोड झाली. आता असं आहे: पहिली ओळ, फोन लावण्याआधी माहीत असलंच पाहिजे ते. दुसरी ओळ, पुढचं कारण. खाली तारखेनुसार नोंदी, नवी वर. स. यांची पहिली ओळ: 'आई गेल्या वर्षी गेल्या. मी घरी गेलो होतो.' दुसरं वाक्य माझ्यासाठी आहे. नोंद करायला लागतात १४ सेकंद, कारण फोनच्या पहिल्या पडद्यावर शॉर्टकट आहे.

काय लिहायचं नाही हेही ठरवावं लागलं. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात निव्वळ खासगी आणि घरगुती वापराला सूट आहे, तेव्हा कायद्याच्या भाषेत अशी वही बहुधा निरुपद्रवी. पण प. च्या फाइलीत मी 'उधारी विसरतो' असं लिहिलं होतं. उद्या प. शेजारी बसला असताना फाइल उघडली तर? खोडलं. त्याने सांगितलेलं लिहायचं, त्याच्याबद्दल मला वाटलेलं लिहायचं नाही. तिसऱ्याने सांगितलेलं तर अजिबात नाही. हा नियम लावल्यावर ५२ पैकी ११ फाइलींतून काही ना काही गेलं. माझ्याबद्दलच त्यातून बरंच कळलं, पण ते या प्रकल्पात बसत नाही.

१७ ऑगस्ट

निर्णय. नंबर आणि वाढदिवस रॅडिकालेवर, दोघांच्या फोनवर. टिपा मजकुराच्या फाइलींत, फक्त माझ्याकडे. तारखा कॅलेंडरमध्ये. मोनिका बंद करायला बसलो, तर बायको म्हणाली, "ते राहू दे. माझ्या मावसभावंडांच्या मुलांची नावं मी त्यात भरलीत, एकोणतीस जण आहेत. तुझ्या फाइलींत ते झाड दिसेल का?"

नाही दिसणार. मोनिका राहिलं. म्हणजे एका साधनाच्या शोधात निघून घरात तीन झाली, आणि मशीन रात्रंदिवस चालू. रोज पहाटे तिन्हींची प्रत बाहेरच्या डिस्कवर जाते. एकदा ती प्रत वापरून सगळं नव्याने उभं करून बघितलं. लांब मराठी नावाचं आडनाव शाबूत होतं.

२४ ऑगस्ट

म. च्या मुलीचा निकाल लागला. फोन केला, तिनेच उचलला. एका विषयात राहिली. काय बोलावं सुचेना, मग विचारलं कोणत्या, आणि ती वीस मिनिटं बोलली. फाइलीत: 'फेरपरीक्षा ऑक्टोबर. तिच्याशी थेट बोलावं, बापाकडून निरोप नको.'

संध्याकाळी स. यांना. आधी फाइल उघडली, पहिली ओळ वाचली. या वेळी आईंचा विषय त्यांनीच काढला. कपाटात आईच्या हातची हिशोबाची वही सापडली म्हणाले. मागच्या पानांवर तिने लोकांचे पत्ते लिहिलेत आणि काहींपुढे छोट्या फुल्या आहेत. फुल्यांचा अर्थ त्यांना लागत नाही. मी म्हटलं, "आणा कधीतरी, बघू या दोघं." पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी येतायत.

फाइलीत: 'आईंची वही. फुल्या.' कॅलेंडरमध्ये शनिवार टाकला.